खाटेशी ठेवायचं भांडं

"उंबऱ्याच्या आत तसलं भांडं कधी येऊ द्यायचं नाही, सूनबाई." सासूबाई गेल्या, तरी त्यांचं हे सांगणं मी पाळत आले. मामंजींना लघवीला जायचं तर परसात, विहिरीपलीकडच्या आडोशाला. कानावर जानवं, हातात तांब्या.

हल्ली रात्रीतून किती वेळा तरी उठावं लागे. थेंब थेंब व्हायची, परत येऊन पाठ टेकली की पुन्हा घाई. झोप गेली. मग त्यांनी पाणी तोडलं, रात्रीची पेजही सोडली. पर्वणीला कल्याणाहून चालत खडवलीला नदीवर स्नानाला जाणारा माणूस, आता त्याला पूजेचा कलशही उचलवेना. परवा परसाच्या पायरीवरून पडले.

शेजारच्या गंगूकाकू हसल्या, "तुझे मामंजी रात्रभर परसाची राखण करतात वाटतं?"

ठाण्याच्या कचेरीतून इकडची स्वारी घरी आल्यावर मी म्हटलं, वैद्यबुवांना बोलवावं.

"असल्या गोष्टी का वैद्याला सांगायच्या? संध्याकाळनंतर अण्णांना पाणी देऊ नकोस, म्हणजे झालं. वय झालं, शक्ती जायचीच."

अंगाचा तिळपापड झाला. रोज सकाळी मी पिंपळाला तांब्याभर पाणी घालते, आणि घरातल्या माणसाचे ओठ कोरडे! वयानं कुठले? पाण्यावाचून, झोपेवाचून, लाजेनं वाळत चालले होते ते. बाळंतिणीच्या खोलीत सगळं चालतं, नंतर शेणानं सारवलं की शुद्ध. म्हाताऱ्या माणसाचाच तेवढा विटाळ?

मी पाणी घेऊन मामंजींकडे गेले.

"नको गं मुली. प्यालो की पुन्हा उठणं आलं. पुन्हा पडलो तर?"

"आज रात्री बाहेर जायचं नाही. खाटेशी भांडं ठेवीन. मीच उचलीन."

"अगं, भिंतीपलीकडे देवघर आहे."

"देवांचं मी बघते."

"खरंच ठेवशील?"

"वचन देते, मामंजी."

तांब्या त्यांनी एका दमात रिकामा केला.

दारातून इकडचा आवाज आला, "घर बाटवणार का तू?"

मी आवाज चढवला नाही. "बाटायचं ते मी बाटेन. सकाळी डोक्यावरून न्हाऊन पूजेला बसेन. पण वडिलांना तहानलेलं ठेवून केलेली संध्या कुठल्या देवाला पोचते, तेवढं इकडून सांगणं व्हावं."

इकडून दारातून बाजूला होणं झालं.

दिवेलागणीला अजून अवकाश होता. मी डोक्यावरून पदर घेतला आणि कुणाला हाक न मारता कुंभारवाड्याची वाट धरली.