छत्रीने शिकलेला स्विंग

मुलगा वर्षातून एकदा चार दिवसांसाठी येतो. सकाळी मित्रांबरोबर गोल्फ खेळतो, दुपारी जेवून झोपतो. संध्याकाळी आमचं बोलणं होतं ते असं: "कसं चाललंय?" "ठीक." "प्रकृती?" "बरी." मग दोघंही टीव्हीकडे बघत बसतो.

गेल्या वर्षी त्याचा संसार मोडला. आम्हाला ते कळलं विहीणबाईंच्या फोनवरून. त्याने स्वतः अवाक्षर काढलं नाही. "हे बापाने विचारायचं असतं," असं म्हणून आमच्या हिने ते काम माझ्या गळ्यात घातलं. मी जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली. शंका आली की समासात प्रश्नचिन्ह काढायचं आणि पुढच्या ओळीवर जायचं, एवढंच मला ठाऊक. समोरच्या माणसाला तोंडाने विचारायची वेळ कधी आली नाही.

एकदा फोनवर तो सहज म्हणाला, "तुम्ही खेळत असता तर बरोबर आला असता, बाबा. आम्ही खेळतो कमी, चालतोच जास्त."

ते मनात धरून बसलो. शेजारी शेजारी चालणाऱ्यांना एकमेकांची तोंडं बघावी लागत नाहीत. तसं चालता चालता कदाचित विचारता येईल.

मैदानावर शिक्षक होते, पण तरुण मंडळींसमोर त्यांच्यापुढे उभं राहायचं धैर्य झालं नाही. वाचनालयातून एक पुस्तक आणलं. स्विंग म्हणजे चेंडू मारताना काठी मागे नेऊन पुढे फिरवायची ती सगळी हालचाल. तिच्या प्रत्येक टप्प्याचं छायाचित्र त्यात होतं. खेळाडू आपल्याकडे तोंड करून उभा. पुस्तक कपाटाच्या आरशाशेजारी उघडं ठेवलं, लांब दांड्याची छत्री घेतली आणि चित्र व आरसा ताडून बघू लागलो.

"अहो, लग्नाच्या दिवशीही आरशापुढे इतका वेळ उभे नव्हतात," ही म्हणाली.

"खांदा बघतोय."

"बघा, पण वरचा दिवा सांभाळा. आणि पडदा ओढून घ्या. लोक म्हणतील, म्हातारा घरात छत्री घेऊन पावसाची वाट बघतोय."

पडदा ओढला. तपासणं हे एकच काम आपल्याला येतं, असा माझा समज होता. कोपर, गुडघा, मनगट, मान, सगळं चित्राबरहुकूम आरशात उतरेपर्यंत सोडलं नाही. मोबाइल खुर्चीवर टेकवून, सेल्फी काढताना बघतात तसं, त्याच्या पडद्यावरही स्वतःला बघितलं. तिथेही जुळलं. रात्री पाठ धरायची. ही मलम चोळता चोळता म्हणायची, "विचारा मात्र हं."

मुलगा आला. मीही येतो म्हटल्यावर त्याला खरंच आनंद झाला. "छुपे रुस्तम निघालात! यंदा याच, बाबा. माझी बदली लांब होतेय, पुढची तीनेक वर्षं येणं जमेलसं वाटत नाही."

सकाळी मैदानावर त्याने आपली काठी माझ्या हातात दिली. "मित्र यायचेत अजून. तोवर दोन-चार चेंडू मारा, मग आमच्याबरोबर चला."

मी पाय रोवून उभा राहिलो. काठीचं सपाट तोंड पलीकडे होतं आणि चेंडूकडे तिची पाठ.

"बाबा, उलटे उभे आहात."

"पुस्तकात असंच आहे."

तो खो खो हसला. "आरशात बघून शिकलात? अहो, चित्रातला माणूस तुमच्याकडे तोंड करून असतो. त्याचा उजवा हात तुमच्या डावीकडे येतो. आरशात तुमचा उजवा हात उजवीकडेच दिसतो. ते दोन्ही जुळवत बसलात आणि डावखुरे झालात!"

"डावखुऱ्यांची काठी मिळेल इथे?"

"इथे कुठली?"

मी फिरून उभा राहिलो. पण अंगात भिनलेलं असं ऐनवेळी निघत नाही. पहिल्या फटक्याला माती उडाली, दुसऱ्याला काहीच उडालं नाही. मग तो मागे येऊन उभा राहिला आणि माझे दोन्ही हात त्याने आपल्या हातांत घेतले. तो लहान असताना मी त्याचा हात धरून अक्षरं गिरवून घेत असे, त्यानंतर इतक्या जवळ आम्ही कधी आलो नव्हतो. त्याचा श्वास कानाशी लागत होता. तोंड दिसत नव्हतं. विचारायचं तर हीच वेळ होती.

"अंगठा इथे का?" मी विचारलं.

"थोडा खाली."

चेंडू गवतात दोन हातांवर जाऊन थांबला. तेवढ्यात त्याचे मित्र आले. "तुम्ही सावलीत बसा, बाबा. मनगट दुखावेल. पुढच्या वेळी नीट शिकवतो," तो म्हणाला.

बाकावरून ते चालत जाताना दिसत होते. एक जण त्याच्याबरोबर जरा मागे राहिला होता. मुलगा खाली बघून बोलत होता. मधेच थांबला, हाताने काही तरी सांगू लागला. मित्राने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ते पुन्हा चालू लागले, उतारावरून दिसेनासे झाले.

घरी परतल्यावर तो आंघोळीला गेला. हिने मला स्वयंपाकघरात ओढलं. "विचारलंत?"

"चालताना विचारणार होतो."

"मग?"

"चाललोच नाही."

ती काही तरी टाकून बोलेल म्हणून मी थांबलो. ती वळली आणि ताटं घेऊ लागली.