पट्ट्याखाली तुंबलेलं औषध

धाकट्या भावाच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला मीच उभी राहणार, असा हट्ट मी धरला होता. भूल विभागात नर्स म्हणून बावीस वर्षं काढलेली मी, दुसरं कोण त्याला नीट सांभाळणार? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगीच नाही.

त्याचा डावा हात डायलिसिससाठी राखलेला. त्याला ना सुई टोचायची, ना बीपीचा पट्टा बांधायचा. त्यामुळे सलाईन उजव्या हाताला लागलं.

"पट्टा पायाला बांधायचा?" भूलतज्ज्ञ मॅडमनी विचारलं.

"पायाचा आकडा फसवतो, मॅडम. सलाईनच्याच हाताला बांधते, वर दंडाला." माझ्या अनुभवाकडे बघून त्यांनी मान डोलावली.

भूल चढली. भुलीत शिरा सैल पडतात, दाब उतरतो, हे मला कुणी शिकवायला नको. नव्वद झाला, मग सत्तर. मॅडमनी दाब चढवायचं औषध सलाईनमधून सोडलं आणि तेवढ्यात पट्टा फुगला. यंत्राला आकडा सापडेना, म्हणून तो पुन्हा फुगला. परत एकदा. मॅडमनी दुसरा डोस दिला. आकड्याच्या जागी नुसत्या रेघा होत्या.

मी हाताकडे पाहिलं. बोटं जांभळी, मनगटावरच्या शिरा तटतटलेल्या, सलाईनच्या नळीत रक्त उलटं चढत होतं. फुगलेल्या पट्ट्याने शिरा आवळल्या होत्या, औषध हृदयापर्यंत गेलंच नव्हतं. मॅडमनी तिसरी सिरिंज उचलली होती.

"थांबा! दोन्ही डोस हातातच तुंबलेत!"

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. पट्टा सोडला तर सगळं औषध एकदम हृदयावर जाणार. नाही सोडला तर भाऊच जाणार. मी पट्टा ओरबाडून काढला.

मॉनिटरचा आवाज बेफाम पळायला लागला. पट्टा पायाला बांधला: दोनशे दहा. एवढी मी कधीच घाबरले नव्हते. दाब एकशेतीसवर यायला सहा मिनिटं लागली.

संध्याकाळी तो शुद्धीवर होता, थट्टाही सुरू झाली होती. "ताई, ठेवलंस की जिवंत!"

"पट्टा मीच नको तिथे बांधला होता. माझ्यामुळे मरत होतास तू."

तो टाके दुखेपर्यंत हसला. "तुझ्या थापा! लहानपणी म्हणायचीस, तुला रस्त्यावरून उचलून आणलंय."

"आईशप्पथ, खरं सांगतेय रे."

"बरं बरं. दोन महिन्यांनी किडनी बसवतील ना, तेव्हाही तूच उभी राहा. दुसऱ्या कुणाचा मला भरवसा नाही."