अण्णांनी घेतलेला सत्कार

परदेशी जाणाऱ्या कारखान्यातल्या मालाला परवाना द्यायचा की नाही, हे ठरवणाऱ्या दिल्लीच्या ऑफिसात मी काम करते. हसनाबादला, आमच्या गावी, हे सांगायला गेलं की लोक विचारतात, "म्हंजी पासपोर्टचं का?" मी हो म्हणून मोकळी होते.

मार्चमध्ये जालन्याच्या राधेश्याम शेठची फाइल माझ्याकडे आली. त्याच्या कारखान्यातले व्हॉल्व्ह खताच्या कारखान्यात चालतात, तसे विषारी वायू बनवायलाही चालतात. घेणाऱ्या कंपनीचा पत्ता तपासला, तर तिथं न्हाव्याचं दुकान निघालं. तीन आठवडे खपून मी नकाराचं टिपण लिहिलं. हा माल थांबायलाच हवा होता. नोकरीत इतकं मनापासून मला दुसरं काही वाटलं नव्हतं.

सहीला दोन दिवस उरले आणि साहेबांकडे एक फोटो आला. मारुतीच्या पारावर माझे वडील, अण्णा, अंगावर शाल, हातात नारळ, शेजारी राधेश्याम शेठ. मागच्या बॅनरवर माझं नाव आणि पद. लेक गावात नसली तर तिचा सत्कार बापानं घ्यायचा, यात आमच्याकडे कुणाला काही वावगं वाटत नाही. फाइल माझ्याकडे आहे हे शेठला कुणी सांगितलं, देव जाणे.

"अर्जदाराशी घरोबा असलेल्या अधिकाऱ्याचं टिपण चालत नाही," साहेब म्हणाले. टिपण रद्द झालं, फाइल दुसऱ्याकडे गेली.

फोनवर मी अण्णांवर तोंड सोडलं. "नारळ दिसला की मान पुढं करता!"

"तुझ्या नावाचं बॅनर व्हतं पोरी. मंग न्हाई कसं म्हणू? उद्याच शाल वापस देऊन येतो."

नका जाऊ, एवढं म्हणायचं मला रागात सुचलं नाही.

सत्तरीचा माणूस एसटीनं जालन्याला गेला. शेठनं चहा पाजला, शाल घेतली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मोबाइलवरचा नवा फोटो माझ्यापुढं धरला. शाल दोघांच्या हातात, दोघंही हसतायत. देतंय कोण आणि घेतंय कोण, काही कळत नव्हतं.

माझी चौकशी लागली. नव्या अधिकाऱ्यानं आठवड्यात परवाना दिला आणि मंगळवारी माल बंदरातून सुटला. त्यातून बनणारा वायू कुणाच्या अंगावर जाणार, या विचारानं जेवण गोड लागत नाही.

अण्णा दर फोनला विचारतात, "बराबर त्याच्या हातात दिली मी. मिटलं ना समदं?"

"मिटलं, अण्णा," मी सांगते.