शिरीमाच्या टपावरचा बिबट्या

मी सेरेंगेटीच्या जंगलातली एक जुनी सफारी-गाडी आहे, आणि मला शिरीमाचा सूड घ्यायचा आहे. मित्रांनो, आत्मवृत्तात आधी जन्म सांगायचा असतो हे मला ठाऊक आहे. पण माझा जन्म झाला तेव्हा मी शिरीमाला ओळखत नव्हते, त्यामुळे त्या काळात सांगण्यासारखं फारसं काही घडलं नाही.

तरी रीत म्हणून सांगते. दूरच्या देशात एका कारखान्यात मी जन्मले आणि जहाजातून इकडे आले. अरुशा शहरातल्या एका गॅरेजात मला मधोमध कापून लांब केलं, पोटात जास्तीच्या खुर्च्या बसवल्या आणि डोक्यावर वर उचलता येणारं छप्पर दिलं. माणसाचं असं काही झालं तर त्याला अपघात म्हणतात. आमच्यात सुधारणा म्हणतात.

माझा ड्रायव्हर अकोनाय. तो करातूकडचा, कमी बोलणारा. मी कोरी करकरीत होते तेव्हाही तो मला 'आजी' म्हणायचा. "चल गं आजी," म्हणायचा आणि मी चालायचे. माझ्या छपरातून डोकी बाहेर काढून देशोदेशीच्या पाहुण्यांनी सिंह पाहिले, हत्ती पाहिले, नूंचे, म्हणजे दाढीवाल्या रानटी हरणांचे, कळप पाहिले. पहिला नू दिसला की पाहुणे किंचाळतात. दुपारपर्यंत त्यांना नू दिसेनासे होतात, समोर हजारभर उभे असले तरी. पाहुणे जाताना माझ्या बॉनेटवर थाप मारून 'छान गाडी' म्हणायचे. मलाही ते पटायचं.

एकदा एका तरसाने माझ्या मागच्या चाकाचं चिखलरबर खाल्लं. त्याच्याबद्दल माझ्या मनात किल्मिष नाही. भूक ती भूक. शिरीमा या दुसऱ्या ड्रायव्हरला मात्र भूक नव्हती. त्याचं पोट भरलेलं होतं, गाडी नवी होती, आणि तरीही त्याने ते केलं.

काय केलं ते कळण्यासाठी आमची एक पद्धत सांगायला हवी. जंगलात सगळे ड्रायव्हर वायरलेसवर एकमेकांशी बोलतात. ज्याला जनावर दिसतं त्याने बाकीच्यांना सांगायचं, हा धर्म. पण जनावराचं खरं नाव घ्यायचं नाही. कारण पाहुण्यांनी 'बिबट्या' ऐकलं आणि तिथे पोचेपर्यंत तो निघून गेला, तर त्यांची तोंडं दिवसभर एरंडेल प्यायल्यासारखी होतात. म्हणून सिंह म्हणजे 'मिशी', हत्ती म्हणजे 'कान' आणि बिबट्या म्हणजे 'ठिपका'. आणखी दोन नियम आहेत. खोटी हाक द्यायची नाही. आणि कुणी दोर मागितला, म्हणजे रुतलेली गाडी ओढायला बोलावलं, तर नाही म्हणायचं नाही. मग तो मागणारा जन्माचा वैरी का असेना.

पावसाळ्यातली एक सकाळ. वायरलेसवर शिरीमाचा आवाज आला, "ठिपका, ठिपका! दगडी टेकडीमागे, ओढ्याकाठी. पळा!"

आम्ही सगळ्यांत जवळ होतो. अकोनायने मला पळवलं. टेकडीमागे बिबट्या नव्हता, काळी माती होती. ती माती तुम्हाला ठाऊक असेल. कोरडी असते तेव्हा माणसाला भेगा दाखवते आणि ओली झाली की माणसाला गिळते. मी पोटापर्यंत रुतले. दुपार तिथेच गेली. तिकडे भलत्याच दिशेला शिरीमाचे पाहुणे एकटे, गर्दीगोंधळाविना, बिबट्या पाहत बसले होते.

संध्याकाळी तंबूंपाशी शिरीमा मांदाझीचे तळलेले गोड वडे खात खात आला.

"काय रे अकोनाय, ठिपका दिसला का? नाही? मग चिखल तरी नीट बघितलास ना?"

"खोटी हाक दिलीस," अकोनाय म्हणाला.

"खोटी कशी? बिबट्याला पाय असतात बाबा. गेला असेल." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "आणि तुझ्या आजीने कशाला एवढा लेप लावलाय? लग्न-बिग्न ठरलंय की काय?"

सगळे हसले. अकोनाय गप्प बसला. मी गप्प बसले नाही, पण माझं इंजिन बंद होतं, त्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

पाहुण्यांनी मालकीणबाईंकडे तक्रार केली. मालकीण लेमाबाई बोलायला सडेतोड. "अकोनाय," त्या म्हणाल्या, "आणखी एक जरी पाहुणा तोंड पाडून परत आला, तर तू घरी बस. आणि हा डबा मी विकून टाकीन."

मित्रांनो, 'हा डबा' म्हणजे मी.

त्या दिवसापासून मी सुडाला लागले. गाडीला सूड घ्यायला साधनं फार थोडी असतात. जेवणाच्या जागी शिरीमा माझ्या सावलीत बसे, तेव्हा त्याच्या बुटावर तेल सांडायचं मी ठरवलं. नेम चुकला आणि ते एका मोठ्या करकोच्याच्या डोक्यावर पडलं. तो तेव्हापासून माझ्यावर डूख धरून होता. म्हणजे मी ज्या रांगेत सूड घ्यायला उभी होते, त्याच रांगेत माझ्या मागे एक पक्षी येऊन उभा राहिला.

अशात न्यामिसीबाई आल्या. मुसोमा गावच्या, सरोवराकाठच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. त्यांनी जन्मभर मुलांना पुस्तकातला बिबट्या शिकवला होता. एकदा एका मुलीने विचारलं होतं, "बाई, तुम्ही पाहिलाय?" बाई म्हणाल्या होत्या, "प्रश्न शेवटी." तो शेवट आता आला होता. त्या बिबट्या बघायलाच आल्या होत्या, दुसरं काही नाही. हत्ती दिसला की म्हणायच्या, "ठीक आहे. पुढे."

बिबट्या काही दिसेना. शेवटची सकाळ उजाडली.

"अकोनाय, तू भला माणूस आहेस," बाई म्हणाल्या. "पण तुझ्या मालकीणबाईंनी विचारलं तर मी खरं तेच सांगणार. दिसला नाही तर नाही दिसला."

"हो बाई," अकोनाय म्हणाला. आणि त्याने माझा गिअर टाकला.

तेवढ्यात वायरलेसवर शिरीमा. "ठिपका! उत्तरेला, पाणघोड्यांच्या डोहावर!" झाडून सगळ्या गाड्या उत्तरेला वळल्या. आम्हीही वळलो. बरंच अंतर गेल्यावर पुन्हा त्याचा आवाज आला, पण या वेळी कुजबुजत.

"अकोनाय... दोर घेऊन ये. दक्षिणेच्या ओढ्यापाशी. ठिपका माझ्या डोक्यावर आहे."

वायरलेसवर हसण्याची लाट उठली. मसावे नावाचा ड्रायव्हर म्हणाला, "तुझ्या डोक्यावर केस टिकले नाहीत शिरीमा, बिबट्या काय टिकणार!"

अकोनायने सुस्कारा सोडला आणि मला दक्षिणेकडे वळवलं. शिरीमाने दोर मागितला होता ना!

मला मात्र नियमबियम काही नव्हता. मी जागच्या जागी बंद पडले. अकोनायने चावी फिरवली, मी खोकले. पुन्हा फिरवली, मी तेवढंही केलं नाही. सडू दे त्याला चिखलात. पाहू दे पोटभर.

"काय चाललंय हे?" न्यामिसीबाई मागून म्हणाल्या. त्या माझ्याशी बोलत होत्या. "एवढी मोठी झालीस आणि वर्गात असं वागतात?"

मित्रांनो, तो आवाज तुम्ही ऐकलेला आहे. मी चालू झाले.

ओढ्यापाशी जे पाहिलं ते सांगते. लांब काकड्यांसारखी फळं लोंबणाऱ्या एका झाडाखाली शिरीमाची चकचकीत गाडी आसापर्यंत रुतलेली. बिबट्या एकट्यालाच बघायला मिळावा म्हणून त्याने सगळ्यांना उत्तरेला पिटाळलं होतं, आणि रस्ता सोडून थेट झाडाखाली गाडी घातली होती. रस्ता सोडणं हा आमच्याकडे सर्वांत मोठा गुन्हा. फांदीवर बिबट्या आपलं हरीण खात होता. हरीण निसटून शिरीमाच्या टपावर पडलं, आणि आपलं जेवण कुठे पडलं ते पाहायला बिबट्याही खाली आला. शिरीमाने घाबरून छप्पर आधीच बंद करून घेतलं होतं. आत त्याचे पाहुणे माना वर करून छताकडे बघत बसलेले. वर पंगत चाललेली, त्यांना फक्त हाडं फुटल्याचा आवाज. एकाने छताचाच फोटो काढला. समोरच्या काचेवर बिबट्याची शेपूट काच पुसायच्या दांडीसारखी हलत होती.

आणि माझ्या उघड्या छपरातून न्यामिसीबाई, काहीही आड न येता, सबंध बिबट्या बघत होत्या. मी इंजिनची धडधडही आवरून धरली होती. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "पुस्तकात शेपूट आखूड काढलीय रे."

अकोनाय हसला. वर्षभरात पहिल्यांदा.

जेवण आटोपून बिबट्या ओढ्यापलीकडच्या झाडीत निघून गेला. अकोनायने दोर काढला. बाईंनी बजावलं, "रस्ता सोडायचा नाही हं." मग अकोनायने दोराला दोर बांधून तो लांब केला, आणि मी रस्त्यावरच उभी राहिले. शिरीमा चिखल तुडवत माझ्या खिडकीपाशी आला. तिथेच वायरलेसचा माईक टांगलेला असतो. म्हातारपणामुळे त्याचं बटण कधीकधी दाबलेलंच राहतं आणि इथलं बोलणं सगळ्या जंगलाला ऐकू जातं. ते आपोआप होतं, असा सगळ्यांचा समज आहे.

"अकोनायभाऊ," शिरीमा म्हणाला, "मी रस्ता सोडला हे वनरक्षकांना सांगू नकोस. मला फाटक कायमचं बंद होईल."

"नाही सांगत. दोर बांध."

"आणि पोरांनाही सांगू नकोस. त्या डोहावर काही नव्हतंच."

"ठाऊक आहे. बांध."

"पावसाळ्यात तुला सांगितलेला बिबट्याही नव्हता."

"तेही ठाऊक आहे. बांध रे बाबा."

"आणि मसावेला मी गेंडा सांगितला होता ना, तो दगड होता."

अकोनाय थांबला. "दगड?"

"पण गेंड्यासारखा होता."

मग मी बटण सोडलं. क्षणभर नुसती खरखर. नंतर मसावेचा आवाज आला, अगदी शांत. "शिरीमा, मी अर्धा दिवस बसलो होतो त्या दगडापुढे. पाहुण्यांना सांगत होतो, आता उठेल, आता उठेल."

त्याच्यामागून दुसरा आवाज. "वनरक्षक ठाण्यावरून बोलतोय. शिरीमा, आहेस तिथेच थांब."

शिरीमाच्या गाडीने हा हुकूम तंतोतंत पाळला. मी ओढलं तेव्हाही ती थांबूनच राहिली. फक्त तिचा बंपर माझ्याबरोबर आला. मी मन लावून ओढलं होतं, एवढंच म्हणेन.

शिरीमाला जंगलाचं फाटक बंद झालं. रानडुकराला ड्रायव्हर आता वायरलेसवर 'शिरीमा' म्हणतात. "पाच शिरीमा शेपट्या वर करून पळतायत" हे ऐकलं की माझ्या रेडिएटरला थंडावा मिळायचा. न्यामिसीबाईंनी मालकीणबाईंना खरं तेच सांगितलं. लेमाबाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी अकोनायला बक्षीस दिलं.

मित्रांनो, बक्षीस म्हणजे नवी गाडी.

निघताना त्याने माझ्या दारावर हात ठेवला. "येतो गं आजी," म्हणाला. तो खरंच वाईट वाटून म्हणाला, आणि नव्या गाडीत बसून गेला. मी मागच्या अंगणात पडून राहिले. माझ्या छपरात कोंबडीने अंडी घातली. पूर्वी तिथून लोक सिंह बघायचे. आता कोंबडी मला बघायची. मग एका कांदेवाल्या व्यापाऱ्याने मला विकत घेतलं आणि खारट तळ्याकाठच्या मळ्यात नेलं. खुर्च्या काढून गोणी भरल्या. नवा ड्रायव्हर आला.

शिरीमा होता.

त्याने मला ओळखलं. "तू?" एवढंच म्हणाला. मीही मनात तेच म्हणाले, पण जरा वेगळ्या सुरात. आता तो पुरता माझ्या तावडीत होता. आता घोडामैदान जवळ! मी ठरवलं, घाटाच्या मधोमध बंद पडायचं. मागे कांदे, त्यामागे दरी, आणि आत शिरीमा.

पण निघण्याआधी त्याने बॉनेट उघडलं. नळ्या फुंकून साफ केल्या, तेल बदललं, गळणारा सांधा बांधला. तो सांधा अकोनायला कधी दिसलाच नव्हता. घाट चढताना त्याने माझ्या समोरच्या फळीवर हात फिरवला. "सावकाश चल गं," म्हणाला. "इथे कुणाला घाई नाही. इथे कुणी हसत पण नाही."

काय करणार? मी चढले.

तेव्हा मित्रांनो, आपल्या वस्तूंची काळजी घ्या. त्यांना वेळेवर तेल-पाणी द्या, दुसऱ्याच्या गाडीलाही नावं ठेवू नका; कोणती गाडी कधी आपल्या नशिबी येईल, सांगता येत नाही. आणि कुणाशी वाईट वागला असाल, तर नंतर त्याच्याशी इतकं चांगलं तरी वागू नका. सूड घेणाऱ्याची फार पंचाईत होते. मी माझा सोडलेला नाही. फक्त गोणी भरलेल्या असताना तो घेणं मला बरं वाटत नाही, आणि परतताना शिरीमा गाणं म्हणत असतो.