पाचवी पट्टी

मित्रांनो, कांकान गावातला मी एक म्हातारा बालाफोन, काठ्यांनी वाजवायचे वाद्य. वीस लाकडी पट्ट्या, त्यांखाली तेवढेच भोपळे आणि भोपळ्यांच्या छिद्रांवर कोळ्याच्या अंड्यांवरचा पातळ पापुद्रा, असा माझा देह आहे. तो पापुद्रा थरथरतो, म्हणून माझा आवाज भणभणतो. मोरीच्या आजोबांनी मला घडवले. मोरीची आई नांतेनेन माझ्या सुरावर चाळीस वर्षे लग्नाबारशांत गायली. तेव्हाचे माझे कौतुक काय सांगू!

पुढे मोरी जाझ शिकायला अमेरिकेला गेला आणि मी सहा वर्षे कोपऱ्यात धूळ खात पडलो. तो परतला तेव्हा मला आनंद झाला, पण तो टिकला नाही. राजधानी कोनाक्रीच्या मैफलीत त्याला मला पियानोशेजारी बसवायचे होते, आणि आमचे सूर काही जुळेनात. त्याने कानस घेतली. माझी पाचवी पट्टी उलटी करून तो ती मधोमध तासू लागला. मित्रांनो, सैल झालेली तार पुन्हा ताणता येते. तासलेले लाकूड परत येत नाही. मला फार भीती वाटली.

सूर पियानोला मिळाला. मोरी खुशीत म्हणाला, "आई, जरा गा बघू!"

नांतेनेन गाऊ लागली आणि त्या पट्टीपाशी अडखळली. पुन्हा गायली, पुन्हा तेच. "म्हातारी झाले रे मी," ती पुटपुटली. मोरीने कानस सहाव्या पट्टीकडे नेली.

इतक्यात सॅक्सोफोन वाजवणारा दांबा आला. त्याच्या आणि मोरीच्या घराण्यांत थट्टेचे नाते. एकाने काहीही बोलावे, अगदी 'घेवडेखाऊ' म्हणून चिडवावे, दुसऱ्याने रागवायचे नाही.

"अरे घेवडेखाऊ, शिकून आलास की अक्कल गहाण टाकून? आई चुकते होय? त्यापेक्षा पियानोचे पाय तास की!"

मोरी रिवाजाप्रमाणे हसला. मग आईकडे पाहून त्याचे तोंड उतरले. "एकच तासली रे," तो म्हणाला.

"एक काय कमी झाली?" या वेळी दांबा हसला नाही.

मैफलीत मोरी मला वाजवत होता आणि पियानो माझ्या मागून जपून चालला. पाचव्या पट्टीपाशी मोरीचा हात थांबे आणि त्या रिकाम्या जागी नांतेनेन एकटी जुना सूर लावी. लोक टाळ्यांचा कडकडाट करत. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता.

कारण मित्रांनो, तो सूर आता फक्त तिच्या गळ्यात आहे, आणि ती सत्तरीची आहे. तिच्यापाशी बसा, तो शिकून घ्या. मला कितीही जपलेत, तरी मी तो तुम्हाला देऊ शकणार नाही.