अडतीस सालच्या मोटारीची थरथर

कमलाकांत वकिलांनी वीस वर्षं अमरावतीच्या कोर्टात तारखा वाढवून मागितल्या आणि मिळवल्या. पण मोटारीकडे तहकुबी मागायची वेळ त्यांच्यावर त्या रविवारी पहिल्यांदा आली. अकोल्याला लग्न होतं. उद्धवचं. सात महिन्यांपूर्वी हाच उद्धव त्यांचा जावई व्हायचा होता, आणि लग्नाला आठ दिवस उरले असताना त्यांची मुलगी सरोजिनी विषमज्वरानं गेली. आता त्याला दुसरी मुलगी सांगून आली, तेव्हा पोरगा स्वतः येऊन पायाशी बसला. म्हणाला, तुम्ही दोघं आलात तरच बोहल्यावर चढतो. वकील 'येतो' म्हणून बसले, आणि तेव्हापासून न जाण्यासाठी एखादं सभ्य कारण शोधत होते.

कारण अंगणातच उभं होतं. देवमन मिस्त्रीनं आठवड्यापूर्वी कार्बुरेटर खोलून साफ केला होता, आणि तेव्हापासून अडतीस सालची ती मोटार नुसती चालू केली तरी हीव भरल्यासारखी कापे. दार वाजे, काच वाजे, मागे बसणाऱ्याचे दात वाजत. वकिलांना इतकं बरं वाटलं की त्यांनी तारेचा मजकूरही मनात जुळवला. बडनेऱ्याहून अकोल्याला रेल्वे जाते, हे अख्ख्या वऱ्हाडाला ठाऊक आहे. पण दुःखी माणसाला ते ठाऊक असायची सक्ती नाही, असं त्यांनी आपल्यापुरतं ठरवलं.

देवमनला यातलं काही माहीत नव्हतं. आपण हात लावलेली गाडी कापते, म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही, एवढंच त्याला कळत होतं. त्यानं स्क्रूड्रायव्हरनं एकेक प्लग बंद करून पाहिला. चारही सारखेच कामसू. पॉइंट घासले, टायमिंग पाहिलं. प्रत्येक वेळी वकील आशेनं विचारत, मोठा बिघाड दिसतो ना, इंजिनच उतरवावं लागेल ना. आणि देवमननं नकारार्थी मान हलवली की त्यांचा चेहरा पडे. शेवटी त्यानं तेलाची कुपी घेतली आणि कार्बुरेटर जिथे इंजिनाला बसतो त्या सांध्यावर चार थेंब सोडले. मोटार एकदम शहाण्यासारखी चालू लागली. तेल आत ओढलं गेलं, की पुन्हा कापरं.

"हवा खाऊन राहिली," देवमन म्हणाला. "पॅकिंगातून."

नट सोडून त्यानं सांध्यातली पॅकिंग काढली. जाड कागदाची, त्यानंच हातोडीनं ठोकून कापलेली. उजेडात धरली, उलटी केली आणि वकिलांच्या हातात दिली. तेलकट कागदावर उठावाचा अर्धा गणपती होता. त्याच्या सोंडेच्या कडेकडेनं आठवडाभर हवा आत जात होती. खाली सोनेरी अक्षरं उरली होती: चि. सौ. कां. सरो.

सगळ्या लग्नपत्रिका वकिलांनी स्वतःच्या हातानं बंबात घातल्या होत्या.

"बाईनंच देल्ला कागद," देवमन हळूच म्हणाला. "मी पाठकोरी बाजू पाह्यली, साहेब. आन् मले वाचता नाई येत."

गोदावरीबाई आहेराचं भांडं घेऊन ओसरीत उभ्या होत्या. नवऱ्यानं काही विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं, एक पत्रिका पदराखाली राहिली होती, देवमननं पॅकिंगला कागद मागितला तेव्हा तीच दिली. मग त्यांनी भांडं खाली ठेवलं.

"पोरगी लग्नाला आपल्याच मोटारीतून जाईन म्हणत होती. म्हटलं, जाऊ द्या तिला."

देवमन खोक्यात नवी पॅकिंग शोधू लागला, तेव्हा वकिलांनी विचारलं, जुनीच बसवली तर अकोला गाठेल का. गाठेल, देवमन म्हणाला, चालताना फारसं कळणार नाही, उभी राहिली की कापेल; पण असं काम तो दुश्मनाच्या गाडीलाही करत नाही. त्याच्या दुश्मनाकडे सायकल होती, हे वकिलांना माहीत होतं. त्यांनी जुनी पॅकिंग त्याच्या हातावर ठेवली.

देवमननं ती बसवली, आवळली.

"अकोल्यात कोणी पुसलं तं मायं नाव नोका सांगू," म्हणाला, आणि पाठ फिरवून बराच वेळ हत्यारं गोळा करत बसला. हत्यारं चारच होती.

मूर्तिजापूरच्या फाटकाशी मालगाडीसाठी थांबावं लागलं. मोटार कापायला लागली. काच वाजली, आहेराचं भांडं वाजलं, शेजारच्या बंडीचे बैल बुजले आणि बंडीवाल्यानं ते धूड बंद करायला सांगितलं. वकिलांनी बंद केलं नाही. सात महिन्यांत मुलीचं नाव एकदाही त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. ते स्टिअरिंगवर वाकले.

"दम धर, सरू," म्हणाले. "आलंच अकोला."