मॅडमचे मिस्टर

संपतनं बेल वाजवली आणि त्याच क्षणी त्याला वाटलं, गाडीला किक मारावी आणि निघून जावं. पण आत चपला वाजल्या होत्या. दार एका बाईनं उघडलं. तिच्या कोपरापर्यंत माती लागली होती.

"कोण पाहिजे?"

"धम्मदीप सर हितंच राहत्यात ना?"

"हो. तुम्ही?"

"मी शंभू." कंपनीतल्या जोडीदाराचं नाव तोंडाला आलं, ते त्यानं सांगून टाकलं. "कुरकुंभहून आलोय. सरांची बाग लई भारी हाय म्हणत्यात. बघायची व्हती."

बाईचा चेहरा खुलला. तिनं मागं वळून जिन्याकडं हाक मारली. "अहो, कुरकुंभहून पाहुणे आलेत. बाग बघायला!"

शिरूरपर्यंतच्या वाटेवर संपतनं बोलायचं सगळं घोकून ठेवलं होतं. चौफुल्याला एकदा, पारगावच्या पुलावर एकदा आणि न्हावऱ्याच्या पुढं तर हेल्मेटच्या आत मोठ्यानं. 'माझ्या बायकोला मेसेज करायचं बंद करा. न्हाईतर बरं व्हनार न्हाई.' जिना चढताना त्याच्या ध्यानात आलं, की शंभूला हे म्हणता यायचं नाही. शंभूची बायको तिकडं गावाला असते.

थंडी सुरू झाली तेव्हापासून मोनिका त्या ग्रुपवर होती. शिरूर आणि दौंडकडची माणसं आपापल्या गच्चीवरच्या फुलांचे फोटो टाकायची आणि एकमेकांना विचारायची, कुंडीत काय भरलं, पाणी किती घातलं. एवढंच असतं तर संपतची काही तक्रार नव्हती. पण मोनिकाचा फोन आता सतत ओट्यावर, साखरेच्या डब्याला टेकून उभा असायचा. पोळी लाटता लाटता ती मध्येच हसायची. विचारलं तर म्हणायची, "काय न्हाई, ग्रुपवरचं." एकदा तो रात्रपाळी करून आला तेव्हा ती आंघोळीला गेली होती आणि फोन उजळला होता. धम्मदीप सर. 'आज उमललं. तुमच्यामुळं.' खाली मोनिकाचं उत्तर. 'बघून जीव हरखला.'

वर एका फुलाचा फोटो होता. तो संपतला दिसला होता, पण त्याचा त्याला काही उपयोग झाला नव्हता. त्या दिवसापासून रात्रपाळीनंतर त्याला झोप लागेना. तो भिंतीकडं तोंड करून पडायचा आणि स्वयंपाकघरातल्या तिच्या दबक्या आवाजातले शब्द जुळवत राहायचा. आज साप्ताहिक सुट्टी होती. दौंडला काम आहे असं सांगून तो निघाला होता.

धम्मदीप सर गच्चीवर बनियनवर उभे होते, हातात कात्री. अंगानं किडकिडीत, कानाजवळचे केस पिकलेले. संपतनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. पोट नव्हतं. हात मात्र नाजूक होते, मास्तरांचे. नखांत माती होती ती नसती, तर त्या हातांचा त्याला जास्त राग आला असता.

"या, शंभूराव. जरा जपून, त्या पाईपवरून."

गच्ची फुलांनी भरली होती. तेलाच्या डब्यांत पेटुनिया, फुटक्या बादलीत शेवंतीची रोपं, कठड्यावरून खाली उतरलेली बोगनवेल. सर एकेका झाडापाशी थांबून त्याची हकिकत सांगत होते. एका पसरट कुंडीपाशी ते उकिडवे बसले. बुटकं, जाड बुंध्याचं झाड होतं आणि त्याला लालभडक फुलांचा गुच्छ आला होता.

"हे अडेनियम. गेलंच होतं हो. बुंधा हाताला मऊ लागत होता. तुमच्या कुरकुंभच्याच एक मॅडम आहेत आमच्या ग्रुपवर, मोनिका मॅडम. त्या म्हणाल्या, उपटून काढा, सडकं कापून टाका, सावलीत चांगलं वाळू द्या, मग वाळू आणि विटांच्या चुऱ्यात लावा. आणि पाण्याचा मोह आवरा. मी तसंच केलं. पहिलं फूल आलं तेव्हा चहासुद्धा न घेता त्यांना फोटो पाठवला." सरांनी वर पाहिलं. "तुम्ही ओळखत असाल त्यांना."

"न्हाई," संपत म्हणाला. "कुरकुंभ मोठं हाय."

"त्यांचं बोलणं ऐकण्यासारखं असतं. थांबा."

सरांनी लुंगीला हात पुसला, फोन काढला आणि बोट दाबलं.

गच्चीवर मोनिकाचा आवाज आला.

"सर, लेंडीखत ताजं घालू नका बरं का, मुळं भाजतील! आमच्या सासऱ्यांची मेंढरं होती, त्यामुळं आमच्या ह्यांना त्यातलं सगळं ठाऊक आहे. मला त्यांनीच शिकवलं. कुंड्यांसाठी ड्रम पण त्यांनीच कापून दिले, भोकंसुद्धा स्वतः पाडली. मी नुसती मिरवते!" आणि ती हसली. मोकळी, पोटातून.

संपत कठड्याला धरून उभा राहिला. हे हसू त्यानं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ऐकलं होतं, बहुतेक. नक्की आठवेना. ड्रम गावातल्या भिमा वेल्डरनं कापून दिले होते. संपत तेव्हा झोपला होता, आणि उठल्यावर तो एवढंच म्हणाला होता, की स्लॅब गळाया लागला तर मला सांगू नको. लेंडीखताविषयी तर तो कधी चकार शब्द बोलला नव्हता. वडिलांच्या, म्हाळूआबांच्या मेंढरांचा विषय निघाला की तो उठून जायचा. कंपनीचं कार्ड गळ्यात आल्यापासून त्याला तो वास आठवायचा नव्हता.

सरांची बायको, राजश्री, पाण्याचा तांब्या घेऊन वर आली होती. तिनं शेवटचं ऐकलं.

"ह्या बाईचे मिस्टर बघा," ती संपतला म्हणाली. "रात्रपाळी करून येतो माणूस, तरी आधी गच्चीवर जाऊन झाडांना पाणी घालतो. कुठलं नवीन फूल आलं तर बायकोला झोपेतून उठवून दाखवतो. नाहीतर आमच्याकडं. फोटो ह्यांचे, बादल्या माझ्या."

"ते खरं आहे," सर हसत म्हणाले. "त्या माणसामुळं आमच्या घरात माझी फार पंचाईत झालीय."

संपतनं तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा होईस्तोवर खाली ठेवला नाही.

"कसा हाय दिसायला?" त्यानं विचारलं.

"कोण?"

"त्यांचे मिस्टर."

"पाहिलं नाही कधी. मॅडम म्हणतात, त्यांना फोटो काढलेला आवडत नाही." सरांनी अडेनियमचं एक पिकलं पान खुडलं. "पण मॅडम त्यांच्याविषयी बोलायला लागल्या की कळतं. त्या घरात कुणीतरी कुणाची वाट बघतं."

परतताना पारगावच्या पुलावर त्यानं गाडी थांबवली. भीमेचं पाणी खाली बेताचंच होतं, एका कडेला कुणी गाड्या धूत होतं. मोनिकावर चिडायचं त्यानं ठरवून पाहिलं. खोटं बोलते, गावभर बोलते. पण राग धरून ठेवायला गेलं की तो हातातून सुटायचा आणि त्याच्या जागी तो दुसरा माणूस यायचा. रात्रपाळी करून येणारा, जिना चढून वर जाणारा. त्याला यायला उशीर झाला तर ती खिडकीत येत असेल. तो फूल दाखवायला उठवत असेल, तर ती डोळे चोळत, केस बांधत त्याच्या मागं जात असेल. धम्मदीप मास्तराला निदान दम तरी देता आला असता. ह्या माणसाचं काय करायचं?

संध्याकाळी मोनिकानं जेवण वाढता वाढता फोन वाचला.

"अहो, शंभू म्हंजी तुमच्या कंपनीतलेच का? सरांनी लिहिलंय, कुरकुंभचे शंभूराव बाग बघायला आले होते, फार कमी बोलतात, पण झाडं मन लावून बघितली."

"लई शंभू हायत कुरकुंभात," संपत ताटातून मान वर न करता म्हणाला.

"येत्या रविवारी ग्रुपची माणसं आपल्याकडं यायची म्हणत्यात. आपला मोगरा आन् पेटुनिया बघायला." तिनं भाजीचं पातेलं उगाच हलवलं. "तुमची ड्यूटी असंल ना रविवारी?"

त्या विचारण्यात जी आशा होती, ती त्याला ऐकू आली. भाकरीचा तुकडा त्यानं बराच वेळ चावला.

"न्हाई. सुट्टी टाकली हाय."

मोनिकाचा हात पातेल्यावरच राहिला. "असं का," ती म्हणाली, आणि आत जाऊन नळ सोडून उभी राहिली. भांडी घासायचा आवाज काही आला नाही.

मधले दिवस असेच गेले. संपत कामावरून यायचा तेव्हा ती काहीतरी बोलायला तोंड उघडायची आणि मग विचारायची, पाणी तापवू का. एकदा तो एकटाच गच्चीवर गेला. तिथं कितीतरी दिवसांत गेला नव्हता. निळ्या ड्रमांच्या अर्ध्या फोडी विटांवर ओळीनं मांडल्या होत्या, खालून हवा जावी म्हणून. मोगऱ्याला टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या होत्या. कुठल्या झाडाला काय म्हणतात, हे त्याला मोगरा आणि अडेनियम सोडून एकाचंही सांगता आलं नसतं.

रविवारी उन्हं उतरल्यावर माणसं आली. दौंडच्या दोन बाया, केडगावचा एक रिटायर पोस्टमन, पाटसचं एक नवं लग्न झालेलं जोडपं. मोनिकानं मोरपंखी साडी नेसली होती. प्रत्येक पाहुण्याला ती म्हणत होती, "हे आमचे मिस्टर," आणि लगेच पाहुण्याला दंडाला धरून झाडांकडं नेत होती, संपतनं काही बोलायच्या आत.

सगळ्यात शेवटी शिरूरची दोघं जिना चढून वर आली. सरांच्या हातात कुंडी होती, राजश्री मागं होती. मोनिका जवळजवळ धावतच पुढं गेली. "सर! आलात!" तिचा चेहरा असा उजळला, की संपतनं मान फिरवली. माणूस सरळ आहे हे कळूनही त्याला ते बघवत नव्हतं.

"आणि हे आमचे मिस्टर," मोनिका म्हणाली.

सरांनी पाहिलं. राजश्रीनंही पाहिलं. तिचं तोंड उघडलं. "अहो, हे तर शंभू..."

"हे धर जरा," सरांनी कुंडी तिच्या हातात दिली. कुंडी जड असावी; ती सावरण्यात पुढचं वाक्य राहून गेलं. सरांनी आज लुंगी नव्हती म्हणून पँटला हात पुसला आणि तो संपतपुढं केला. "नमस्कार. मी धम्मदीप. तुमच्याबद्दल फार ऐकलंय. आज भेट झाली एकदाची."

संपतनं हात हातात घेतला. तो नाजूक हात त्यानं अपेक्षेपेक्षा जास्त वेळ धरला.

"व्हय," तो म्हणाला. "बरं झालं आला."

मोनिका एकदा सरांकडं, एकदा राजश्रीकडं बघत होती. मग ती चहा आणायला वळली.

पोस्टमननं लेंडीखताचं विचारलं. मोनिका ट्रे घेऊन जिन्यातच होती, तिथूनच घाईनं म्हणाली, "ते मी सांगते." पण प्रश्न संपतला विचारला होता आणि सगळे त्याच्याकडं बघत होते. आबांनी उन्हाळ्यात लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवलेली त्याला आठवली. वाघरीच्या, कळप कोंडायच्या जाळीत रात्रभर गुरगुटून बसलेली मेंढरं आणि त्यांच्या उबेत झोपलेला तो.

"लेंडी मुठीत धरून दाबायची," तो हळूच म्हणाला. "उबट लागली तर राहू द्यायची. थंड लागली आन् पीठ झालं, की झाडाला चालती. आमचे आबा तर वासावरनं सांगायचे."

"मेंढ्या कुठवर न्यायचे तुम्ही?" नव्या लग्नाच्या मुलीनं विचारलं.

मग त्याला सांगावंच लागलं. पार कोकणाच्या तोंडापर्यंत. मोनिका ट्रे धरून जिन्याच्या दाराशी उभी होती. कपांवर साय धरली तरी तिनं ते कुणाला दिले नाहीत.

सगळे गेले तेव्हा अंधारायला लागलं होतं. मोनिका कप गोळा करत होती. एकात एक कप बसवता बसवता ती थांबली.

"शिरूरला तुम्ही गेला व्हता."

संपतनं कठड्यावरचा एक कप उचलून तिच्यापुढं ठेवला.

"म्हंजी तुम्हाला सगळं ठाऊक हाय. मी काय काय सांगती ते."

"व्हय."

ती कपांकडंच बघत राहिली. "मला विचारायचं तरी व्हतं, जायच्या आधी. मी काय तशी हाय का?"

"न्हाई," तो म्हणाला. "चुकलं माझं."

खालच्या रस्त्यावरून कंपनीची बस गेली.

"तो माणूस चांगला हाय," संपत म्हणाला.

"कोण, सर?"

"न्हाई. तू सांगती तो."

मोनिकानं वर पाहिलं. मग तिनं कपांचा ट्रे उचलला आणि ती जिन्याकडं निघाली. पहिल्या पायरीवर ती थांबली, पण वळली नाही.

"त्याला झाडांना पाणी घालून झालं की गच्चीवरच चहा लागतो," ती म्हणाली.

तिची पावलं खाली उतरेपर्यंत संपत ऐकत राहिला. मग अंधारात चाचपडत त्यानं नळ शोधला.